ग्रीनपॉइंट ते हॅटरस : एका लोखंडी जहाजाच्या मागावर पाच दिवस

पहिला दिवस, सोमवार

ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट भागात एका गल्लीचं नाव मॉनिटर स्ट्रीट आहे. एकमेकांना चिकटून उभी असलेली बुटकी घरं आणि पायऱ्यांवर ठेवलेल्या कुंड्या. गल्लीच्या कडेला मॅकगोलरिक पार्क नावाची बाग आहे आणि बागेत ब्राँझचा एक उघडाबंब पिळदार माणूस. सगळं अंग मागे टाकून तो जाडजूड दोर ओढतोय. १९३८ साली हा पुतळा बसवला. ज्या जहाजासाठी बसवला, ते जहाज इथून हाकेच्या अंतरावर नदीकाठी बांधलं गेलं होतं. ‘मॉनिटर’. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांविरुद्ध उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नौदलाने उतरवलेलं लोखंडी जहाज.

मुंबईत जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात प्लेटशॉपला, म्हणजे जहाजाचे लोखंडी पत्रे बसवायच्या विभागात, माझी छत्तीस वर्षं गेली. मी लागलो तेव्हा सगळीकडे वेल्डिंग आलं होतं, पण जुन्या बार्जवर, टगवर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायला ठोकलेले जाड खिळे, असायचेच. आमचे मिस्त्री प्लेटवर हातोडी मारून, नुसत्या आवाजावरून आत किती गंज खाल्लाय ते सांगायचे. जहाजाला लोखंड लागलं कधी, कोणी लावलं, याची उत्सुकता मला तिथपासूनची. मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला तीनदा येऊन गेलो, पण हा प्रवास राहून जात होता. या वेळी मुलाने ऑगस्टमध्ये आठवड्याची रजा टाकली आणि आम्ही पाचजण निघालो : मी, ही, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात.

बागेतून चालत ईस्ट रिव्हरच्या काठाकडे गेलो. इथेच कुठेतरी थॉमस रोलंडचा काँटिनेंटल आयर्न वर्क्स होता. ऑक्टोबर १८६१ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरशी करार केला. रक्कम २,७५,००० डॉलर. जहाज अपयशी ठरलं तर पैसे परत करायचे, अशीही अट होती. २५ ऑक्टोबरला कण्याचं लोखंड ठेवलं आणि ३० जानेवारी १८६२ ला जहाज पाण्यात सोडलं. तीन महिने पाच दिवस! वेल्डिंग नाही, वीज नाही, थंडीचे दिवस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मग कळलं, एरिक्सनने काम वाटून दिलं होतं. तोफांचा फिरता लोखंडी बुरूज एका कारखान्यात, इंजिन दुसऱ्यात, प्लेटा लांबच्या गिरण्यांतून. सगळे भाग रोलंडकडे येऊन जुळायचे. ज्याने एकदा तरी दोन वेगळ्या शॉपमधून आलेले भाग एकमेकांना जुळवून पाहिलेत, त्याला विचारा, ड्रॉइंग किती अचूक असावी लागते ते.

हे जहाज तरंगणार नाही, सरळ तळाला जाईल, असं बघ्यांतल्या पुष्कळांना वाटत होतं. जहाज पाण्यात सुटलं तेव्हा एरिक्सन स्वतः डेकवर उभा होता, असं सांगतात.

नातीने विचारलं, “आबा, मॉनिटर म्हणजे वर्गातला मॉनिटर का?” तोच. चुकणाऱ्याला समज देणारा. एरिक्सनने सरकारला पत्र लिहून हे नाव सुचवलं होतं : दक्षिणेच्या बंडखोर पुढाऱ्यांना हे जहाज समज देईल. त्याच पत्रात त्याने ब्रिटिश आरमारालाही हळूच चिमटा काढला होता. आमच्या वेळी वर्गाचा मॉनिटर फळ्यावर नावं लिहायचा, हे मी तिला सांगितलं. तिला ते फार आवडलं. पुढचे पाच दिवस ती जहाजाला ‘तो मॉनिटर’ म्हणत राहिली.

दुसरा दिवस, मंगळवार

पहाटे निघालो. जवळजवळ सगळा दिवस हायवेवर गेला. हिने डब्यात मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. मेरिलँडमध्ये एका विसाव्याच्या जागी झाडाखाली बसून खाल्ले. तीनच्या सुमारास व्हर्जिनियातल्या रिचमंडला पोचलो.

जेम्स नदीच्या काठाला ट्रेडेगर आयर्न वर्क्सच्या विटांच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यात आता यादवी युद्धाचं संग्रहालय आहे. यादवीत दक्षिणेकडे मोठा म्हणावा असा लोखंडाचा कारखाना हा एकच होता. कामगारांत गुलामही होते. भट्टीपुढे, रोलिंग मिलमध्ये, अगदी कसबाच्या कामावरसुद्धा. त्यांना मुक्त होऊ न देण्यासाठी जे युद्ध चाललं होतं, त्याचं लोखंड त्यांच्याच हातून लाटून घेतलं जात होतं. त्या विटांना हात लावताना मनातून हे जाईना.

मॉनिटरच्या शत्रूचं चिलखत इथे तयार झालं. एप्रिल १८६१ मध्ये उत्तरेच्या नौदलाने नॉरफोकजवळची गोदी सोडताना ‘मेरिमॅक’ ही आपलीच वाफेवरची लाकडी युद्धनौका पेटवून दिली. ती पाण्याच्या पातळीपर्यंत जळाली आणि बुडाली. दक्षिणेने तो सांगाडा वर काढला, सुक्या गोदीत घेतला आणि त्यावर उतरत्या भिंतींचं लोखंडी छप्पर चढवलं. कौलारू घराचं नुसतं छप्पर समुद्रावर तरंगताना डोळ्यांपुढे आणा, साधारण तसं. नवं नाव ‘व्हर्जिनिया’. लोकांच्या तोंडी मात्र मेरिमॅकच राहिलं.

आधी एक इंची प्लेटा बनत होत्या. जॉन ब्रुक या दक्षिणेच्या नौदल अधिकाऱ्याने जेम्सटाऊन बेटावर तोफा डागून चाचण्या घेतल्या, तेव्हा एक इंच पुरत नाही असं दिसलं. मग दोन इंची प्लेटा ठरल्या. आतला थर आडवा, बाहेरचा उभा, एकूण चार इंच. त्यामागे दोन फूट जाडीचं ओक आणि पाईनचं लाकूड. एक इंची प्लेटला भोक पंचने पाडता यायचं. दोन इंचीला पंच चालेना, प्रत्येक भोक ड्रिलने पाडावं लागलं. हे वाचताना मला आमचं जुनं रेडियल ड्रिल मशीन आठवलं, त्याची घरघर आणि साबणाच्या पाण्याचा वास. एका भोकाला किती वेळ जातो ते मला माहीत आहे. इथे तर शेकडो प्लेटा होत्या. लोखंडही कमी पडत होतं, जुने रेल्वेचे रूळ वितळवून लाटत होते. तयार प्लेटा आगगाडीने नॉरफोकला जायच्या. एकीकडे ग्रीनपॉइंटला घाई, दुसरीकडे इथे. आपल्यापैकी कोण आधी संपवणार, याची धास्ती दोन्हीकडे होती आणि एकमेकांच्या बातम्याही पोचत होत्या.

रात्री हॉटेलच्या खोलीत सून म्हणाली, “बाबा, या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?” संबंध आहे. आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यात, कपाशीच्या पट्ट्यात. १९ एप्रिल १८६१ ला लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेचा कापूस बाहेर जाईना, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या आणि इंग्लंड कापसासाठी मुंबईकडे वळलं. खानदेश आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नवी कंपनी, समुद्र हटवायच्या योजना, शेअर्सचं वेड. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, भाव गडगडले आणि मुंबईतली घरंच्या घरं बुडाली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद त्याच तेजीतले आणि त्याच पडझडीतले.

आता पाहा, व्हर्जिनिया बांधली ती कशासाठी? हीच नाकेबंदी फोडायला. ती जिंकली असती तर कापसाची जहाजं लिव्हरपूलला सुटली असती आणि मुंबईचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. रिचमंडच्या भट्टीतली दोन इंची प्लेट आणि आमच्या शिवारातली कपाशी यांच्यात एवढंच अंतर होतं. सून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “उद्या लवकर निघू या.”

तिसरा दिवस, बुधवार

सकाळी ड्रुरीज ब्लफ. रिचमंडच्या खाली जेम्स नदीच्या वळणावरचा उंच कडा. झाडीतून पायवाट आहे, ऐन ऑगस्टात डास आहेत आणि कड्यावर एक भली मोठी तोफ आहे. १५ मे १८६२ ला मॉनिटर आणि ‘गॅलीना’ ही दुसरी चिलखती नौका नदीतून वर आल्या. रिचमंड अगदी जवळ होतं. पण कडा सुमारे नव्वद फूट उंच, आणि मॉनिटरच्या बुरुजाची भोकं अशी की तोफांची तोंडं तेवढी वर उचलताच येईनात. तिला मागे सरकावं लागलं. गॅलीनाचं चिलखत पातळ होतं. वरून येणाऱ्या गोळ्यांनी तिची चाळण झाली. लोखंड चढवलं म्हणजे झालं, असं नसतं. किती जाड, कुठे आणि कोणत्या कोनात, यावर माणसं जगतात किंवा मरतात. कड्यावरून खाली पाहताना नदी इतकी अरुंद दिसते की चुकून एखादा गोळा हुकेल असं वाटतच नाही.

त्याच महिन्यात एका रात्री सायाह कार्टर नावाचा कृष्णवर्णीय तरुण जवळच्या शर्ली मळ्यातून पळून छोट्या होडीने मॉनिटरपाशी आला. यँकी, म्हणजे उत्तरेचे लोक, तुम्हाला गळ्यात लोखंड बांधून समुद्रात फेकतील, असं मालकाने गुलामांना सांगून ठेवलं होतं. तरीही तो आला. त्याला नोकरीवर घेतलं. पुढे जहाज बुडालं तेव्हाही तो वाचला. मला या सगळ्या गोष्टीत त्या होडीतल्या माणसाचं धैर्य तोफांपेक्षा मोठं वाटतं.

दुपारी न्यूपोर्ट न्यूजला, हॅम्प्टन रोड्सच्या काठावर. इथे ‘रोड्स’ म्हणजे जहाजांनी नांगर टाकून निर्धास्त उभं राहायची जागा. जेम्स, नॅन्समंड आणि एलिझाबेथ या नद्या इथे एकत्र येऊन चेसापीक उपसागराला मिळतात. किनाऱ्यावर मॉनिटर-मेरिमॅक ओव्हरलुक म्हणून छोटी जागा आहे. थोडी वाळू, माहितीचे फलक आणि समोर पसरलेलं राखाडी पाणी. एक बाप-लेक गळ टाकून बसले होते. दूर नॉरफोकच्या बाजूला आजच्या युद्धनौकांचे आकार दिसत होते.

८ मार्च १८६२, शनिवार. उत्तरेची लाकडी जहाजं इथे नांगरून होती. धुण्याचा दिवस, शिडांच्या दोरांवर खलाशांचे कपडे वाळत होते. दुपारी एलिझाबेथ नदीच्या तोंडातून काळं छप्पर बाहेर आलं. खलाशांनी घाईघाईने कपडे काढले, नगारे वाजले. व्हर्जिनियावर ‘कंबरलँड’ आणि ‘काँग्रेस’ या जहाजांच्या तोफा कडाडल्या आणि गोळे तिच्या उतरत्या भिंतीवरून घरंगळून उडाले. ती सरळ चालत आली आणि नाकावरच्या लोखंडी सोंडेने तिने कंबरलँडच्या कुशीत भगदाड पाडलं. सोंड तिथेच अडकून तुटली. कंबरलँड बुडता बुडता तोफा डागत राहिली, पाणी तोफांपर्यंत येईतो. १२१ माणसं गेली. मग काँग्रेस. तिच्यावर व्हर्जिनियाच्या कप्तानाचा, फ्रँकलिन ब्यूकॅननचा, सख्खा भाऊ खजिनदार होता. काँग्रेसने निशाण उतरवलं, तरी तप्त गोळ्यांनी तिला पेटवण्यात आलं. ती मध्यरात्रीनंतर दारूगोळ्याच्या स्फोटाने उडाली.

शतकानुशतकं लोकांनी जहाजं लाकडात बांधली. ओक, साग, सुतार, काथ्या, डांबर. ती सगळी विद्या त्या एका दुपारी कुचकामी झाली. खरं तर इशारे आधी मिळाले होते. १८५३ मध्ये काळ्या समुद्रावरच्या सिनोप बंदरात रशियाच्या फुटणाऱ्या गोळ्यांनी तुर्कांचा लाकडी ताफा जाळून टाकला. १८५५ मध्ये किनबर्नला फ्रान्सने चिलखती तराफे वापरले. फ्रान्सची ‘ग्लॉयर’ १८५९ मध्ये पाण्यात सुटली, इंग्लंडची ‘वॉरिअर’ १८६० मध्ये. तिच्या साडेचार इंची लोखंडामागे अठरा इंच साग होता. जाणकारांना कळत होतं. पण कळणं वेगळं, आणि समोर मित्रांची जहाजं जळताना पाहणं वेगळं. त्या रात्री उरलेली ‘मिनेसोटा’ गाळात रुतलेली होती आणि सकाळ होण्याची तिला भीती होती.

ही पाण्याकडे पाहत उभी होती. म्हणाली, “कपडे वाळत घातले होते म्हणे.” एवढंच.

चौथा दिवस, गुरुवार

पूर्ण दिवस मरिनर्स म्युझियममध्ये. उघडायच्या आधी दारात होतो, बंद होताना निघालो. बाहेर आवारात मॉनिटरची मूळ मापाची प्रतिकृती आहे. तिच्यावर चढलो. पाण्याबाहेर जेमतेम दीड फूट उंचीचा सपाट डेक, पुढे चालकाची छोटी लोखंडी खोली, मध्ये गोल बुरूज. ना डोलकाठी, ना शीड. लोक तिला ‘तराफ्यावरचा चीजचा डबा’ म्हणायचे. नातीने डेकवरून पळत टोकापर्यंत जाऊन यायला जे क्षण घेतले, ते मी मोजले. १७९ फूट फार लांब नाही.

आत त्या बुरुजाचं काम समजावून दिलंय. आतला व्यास वीस फूट, उंची नऊ फूट, एक इंची प्लेटांचे आठ थर रिव्हेट आणि बोल्टने एकत्र. आत अकरा इंच तोंडाच्या, डालग्रेन बनावटीच्या तोफा, दोनच. आधी जहाजाला कुशीत तीस-चाळीस तोफा असायच्या आणि नेम धरायला सगळं जहाज वळवावं लागायचं. इथे वाफेच्या इंजिनाने बुरूज फिरतो, जहाज कुठेही तोंड करून असो. आजच्या युद्धनौकेवरची फिरती तोफ या डब्याची नात. ब्रिटनमध्ये कूपर कोल्स नावाचा अधिकारी वेगळ्या धर्तीच्या बुरुजावर आधीपासून काम करत होता, त्याचंही श्रेय त्याला द्यायला हवं.

आणि आता ९ मार्च. आदल्या रात्री काँग्रेस जळत असतानाच तिच्या उजेडात मॉनिटर हॅम्प्टन रोड्समध्ये शिरली. न्यूयॉर्कपासून वादळात कशीबशी आली होती. कोणी झोपलं नाही, कोणी धड जेवलं नाही. सकाळी व्हर्जिनिया मिनेसोटाला संपवायला आली, तर मधे हा डबा. चार तास दोघी एकमेकींवर गोळे मारत राहिल्या, कधी कधी अंगाला अंग घासून. बुरुजात काय चाललं होतं, ते वाचून मला घाम फुटला. फिरता बुरूज हवा तिथे थांबेना, म्हणून फिरता फिरताच तोफ डागायची. दिशा कळावी म्हणून खालच्या डेकवर खडूने खुणा केल्या होत्या, त्या पायांनी पुसल्या गेल्या. चालकाच्या खोलीशी जोडलेली बोलायची नळी तुटली, मग खजिनदार कीलर निरोप घेऊन धावत राहिला. पुढे काय, मागे काय, आपण कुठल्या बाजूला आहोत, आतल्या माणसांना ठाऊक नाही. एवढ्यात बाहेरून गोळा आदळला आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्याला धक्का बसला, की तो खाली.

नवी तोफ फुटेल या भीतीने नौदलाने तोफेत भरायची दारू पंधरा पौंडांवर मर्यादित ठेवली होती. पुढे चाचण्यांत त्या तोफेने दुप्पट दारू पेलली. तेवढी भरली असती तर व्हर्जिनियाचं चिलखत कदाचित फुटलं असतं. व्हर्जिनियाकडेही लाकडी जहाजांसाठीचे फुटणारे गोळेच होते, भरीव नव्हते. म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंड नवं होतं आणि त्याला मारायची तयारी जुनी. दुपारच्या सुमाराला एक गोळा चालकाच्या खोलीच्या फटीवर फुटला आणि कप्तान जॉन वर्डेनच्या डोळ्यांत दारूची धूळ आणि किटाळ गेलं. कमान लेफ्टनंट ग्रीनच्या हाती आली. ओहोटी लागत होती, व्हर्जिनियाला खोल पाणी लागायचं, ती नॉरफोककडे वळली. त्या दिवशी या दोघींवर एकही माणूस मेला नाही. आदल्या दिवसाशी ताडून पाहा.

बातमी पोचल्यावर लंडनच्या टाइम्सने लिहिलं की, काल आपल्याकडे पहिल्या दर्जाची १४९ जहाजं होती, आज दोनच आहेत. ब्रिटनने त्याच वर्षी ‘रॉयल सॉव्हरिन’ या लाकडी जहाजाचे वरचे मजले कापून त्यावर बुरूज बसवायला घेतले. कंबरलँडच्या पोटात रुतलेल्या सोंडेचं तर जगभर वेड लागलं. १८६६ मध्ये लिसाच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या जहाजाने इटलीचं ‘रे दितालिया’ धडक मारून बुडवलं, ते वेड आणखी वाढलं. पुढची तीस वर्षं प्रत्येक मोठ्या युद्धनौकेच्या नाकाला सोंड आली. १८९३ मध्ये सरावात ‘कॅम्परडाऊन’ची सोंड चुकून आपल्याच ‘व्हिक्टोरिया’त घुसली आणि ३५८ माणसं बुडाली.

मुंबईलाही हा वारसा मिळाला. १८७० साली लंडनच्या थेम्स काठी ‘मॅगडाला’ आणि ‘अॅबिसिनिया’ या दोन बुटक्या चिलखती नौका बांधल्या, प्रत्येकीला दोन बुरूज, चार तोफा. त्यांचं काम मुंबई बंदराचं रक्षण. मुंबईहून निघालेल्या १८६८ च्या अॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या मोहिमेवरून त्यांची नावं ठेवली. तीसेक वर्षं त्या आपल्या बंदरात पहारा देत उभ्या होत्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भंगारात गेल्या. ज्या बंदरात मी आयुष्यभर बोटींच्या पोटात वाकलो, तिथे मॉनिटरच्या जातीच्या दोन बोटी होत्या, हे मला निवृत्तीनंतर कळलं. याची हळहळ अजून आहे.

दुपारनंतर प्रयोगशाळेच्या काचेपाशी. इथून मी हललो नाही. खुद्द बुरूज इथे आहे. २००२ च्या ५ ऑगस्टला समुद्रातून वर काढला, उलटा झालेल्या अवस्थेत, आणि ९०,००० गॅलनच्या टाकीत ठेवला. लोखंड एकदा समुद्रात मुरलं की क्षार त्याच्या अंगात भिनतात. बाहेर काढून नुसतं वाळवलं तर आतल्या आत स्फटिक होऊन पापुद्रे सुटतात, शेवटी चुरा. म्हणून त्याला अल्कलीच्या द्रावणात ठेवायचं, अगदी हलका वीजप्रवाह द्यायचा आणि हळूहळू क्षार बाहेर ओढायचे. वर्षानुवर्षं. पाणी बदलायचं, मोजायचं, पुन्हा बदलायचं. आमच्याकडे गंज म्हणजे चिपिंग हॅमर घेऊन झोडपायचा असतो. इथे माणसं गंजाशी रुग्णासारखी वागतात.

व्हर्जिनियाच्या गोळ्यांनी बुरुजाला पडलेले पोचे अजून आहेत. मुलाने फोनवर एका पोच्याचा फोटो मोठा करून दाखवला. परातीएवढी वाटोळी खोक, आतला थर थोडा फुगलेला, पण पुढे भेद नाही. प्लेटांचे आठ थर एकमेकांवर सरकून मार वाटून घेतात, हे मी आमच्या कामात पुस्तकाशिवाय शिकलो होतो. इथे माझ्यासमोर दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा पुरावा होता. मी मुलाला म्हटलं, “बघ, चांगलं बसवलंय.” आमच्या मिस्त्रींची यापेक्षा मोठी शाबासकी नसायची.

बुरुजात दोन खलाशांचे सांगाडे मिळाले. एकाच्या बोटात अंगठी होती. ते कोण, याचा शोध लागला नाही. चेहरे कसे असतील ते शास्त्रज्ञांनी मातीत घडवून दाखवलं, आणि ८ मार्च २०१३ ला आर्लिंग्टनच्या दफनभूमीत दोघांना सन्मानाने पुरलं. जवळच्याच कपाटात मोहरीची बाटली आणि नावं कोरलेले चमचे आहेत. भट्टीवर काम करणाऱ्या जॉर्ज गीअरने बायकोला, मार्थाला, लिहिलेली पत्रंही याच संग्रहालयाकडे आहेत.

आणि लाल कंदील. छोटा, तांबूस झालेला, लाल काचेचा. ही त्याच्यापुढे उभी राहिली ती उभीच राहिली.

पाचवा दिवस, शुक्रवार

सकाळी मॉनिटर-मेरिमॅक मेमोरियल ब्रिज-टनेलमधून गेलो. पुलावरून जाता जाता रस्ता पाण्याखाली शिरतो. ज्या पाण्यात ते चार तास झाले, त्याच्या खालून मिनिटभरात गाडी पार. नातीने श्वास रोखून धरला होता.

मग दक्षिणेकडे, नॉर्थ कॅरोलायनातल्या आउटर बँक्सच्या चिंचोळ्या वाळूवरून. एका बाजूला खाडी, दुसरीकडे अटलांटिक, मधे रस्ता. दुपारी केप हॅटरसच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहापाशी पोचलो. समुद्र किनारा खाऊ लागला म्हणून १९९९ मध्ये हे अख्खं दीपगृह उचलून मागे नेलं. पण आम्ही आलो होतो ते समुद्राकडे पाहायला.

व्हर्जिनिया दोनच महिने टिकली. नॉरफोक हातचं गेल्यावर तिला कुठे न्यायचं, हे कळेना. ११ मे १८६२ ला तिच्याच माणसांनी क्रेनी बेटापाशी तिला पेटवून दिलं. मॉनिटर त्या वर्षाअखेरपर्यंत. २९ डिसेंबरला ‘ऱ्होड आयलंड’ जहाजाच्या दोराला बांधून तिला दक्षिणेकडे न्यायला निघाले. हॅटरसपाशी वादळ झालं. सपाट डेकवरून लाटा सरळ पार जाऊ लागल्या. बुरूज ज्या कड्यावर बसला होता, तिथल्या सांध्यात काथ्या ठासला होता. लाटांनी काथ्या वाहून गेला आणि बुरुजाखालून पाणी आत येऊ लागलं. कोळसा भिजला, वाफ पडली, पंप थांबत गेले. एवढ्या मेहनतीने जुळवलेल्या लोखंडाचा घात शेवटी एका सांध्याने केला. कामाच्या ठिकाणी मीही हे पाहिलंय. प्लेट कधी दगा देत नाही, सांधा देतो.

वर लाल कंदील लावला होता, मदतीची खूण म्हणून. ऱ्होड आयलंडच्या माणसांनी होड्या घालून पुष्कळांना वाचवलं. ३१ डिसेंबरच्या पहाटे एकच्या सुमाराला तो लाल ठिपका दिसेनासा झाला. सोळा माणसं गेली. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांना जहाज सापडलं, किनाऱ्यापासून सुमारे सोळा मैलांवर, दोनशे तीस फूट खोल, उलटं पडलेलं. आणि १९७७ मध्ये पाणबुड्यांनी पहिली वस्तू वर आणली ती तोच कंदील.

वाळूत बसलो. वारा जोरात होता, लाटा एकावर एक येत होत्या, दोन दिशांनी. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. आमच्या जुन्या बिऱ्हाडाशेजारी कोळीवाडा होता, तिथे या दिवसांत होड्यांना रंग चढायचा. ही पाण्यापर्यंत गेली, ओंजळभर पाणी घेऊन परत सोडलं आणि हात जोडले.

“आबा, तो मॉनिटर अजून खाली आहे?” नातीने विचारलं.

“आहे. बुरूज, इंजिन, पंखा तेवढा वर आणला. बाकीचा सगळा खालीच आहे.”

तिने समोर बोट केलं. “इथून सरळ?”

मी फोनवर होकायंत्र उघडलं, दक्षिण-आग्नेय दिशा शोधली आणि तिचा हात थोडासा उजवीकडे सरकवून दिला.